पाऊस गेल्यावरचे सहा आठवडे : ऑक्टोबरच्या उन्हात वर्षाची बेगमी कशी करायची

आमचं घर गोराईत, खाडीच्या पलीकडे. बोरिवलीहून बोटीने यायचं नाहीतर भाईंदर-उत्तन करून रस्त्याने लांबून फिरून, पण पत्ता मुंबईचाच. घराभोवती साडेतीन गुंठे वाडी, पाच माड, एक विहीर, नऊ गावठी कोंबड्या आणि घरात आम्ही सहा माणसं. पगार एकच, मिस्टरांचा, आणि तो पुरतो कारण अर्ध्याहून जास्त भाजी, सगळं खोबरेल, अंडी, आंघोळीच्या पाण्याचं जळण हे घरातनंच निघतं. बऱ्याच जणी विचारतात हे सगळं जमवतेस कधी, तर खरं सांगू का, वर्षभर थोडं थोडं चालू असतंच पण सगळ्याचा पाया ऑक्टोबरात घातला जातो. पाऊस गेल्यापासून दिवाळी संपेपर्यंतचे पाच-सहा आठवडे. लोक ऑक्टोबर हीटने वैतागलेले असतात, घामाच्या धारा, पंख्याखालून उठवत नाही, पण आमचं घर त्याच उन्हावर चालतं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं हे ऊन फुकट मिळतंय तेवढ्यात घेऊन ठेव, नंतर विकत आणायला गेलीस तरी मिळायचं नाही." तेव्हा नीट कळलं नव्हतं, आता सोळा वर्षांनी कळतंय.

आधी पाऊस खरंच गेलाय का ते बघायचं. मुंबईतून मान्सून परतायची सरासरी तारीख हवामान खात्याने ८ ऑक्टोबर धरलीय, पण काही वर्षी तो आधी जातो काही वर्षी दसरा उलटला तरी रेंगाळतो, त्यामुळे कॅलेंडर बघून वाळवणं घालू नका. परतीचा पाऊस दुपारनंतर येतो आणि पूर्वेकडून येतो, हे लक्षात ठेवा. सकाळी लख्ख ऊन, तीनच्या सुमारास नॅशनल पार्कच्या डोंगरांवर काळं दाटून येतं आणि पाच वाजता विजा. म्हणून पहिला आठवडाभर वाळवण दोननंतर बाहेर ठेवायचं नाही, आणि ठेवलंच तर घरात कुणीतरी माणूस पाहिजे. सलग चार दिवस दुपारी आकाश स्वच्छ राहिलं, सकाळी गवतावर दव दिसायला लागलं की मग समजायचं गेला पाऊस.

कामाच्या वेळा पण सांगते कारण हे ऊन वाळवणाला चांगलं आहे, माणसाला नाही. वाडीतलं काम सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी साडेचारनंतर. मधल्या वेळात सावलीतली कामं, निवडणं, सोलणं, झावळ्यांचे हीर काढणं. कोकम सरबताचा तांब्या भरून ठेवायचा, मीठ घालून.

पहिलं काम पाण्याचं. विहिरीला ऑक्टोबरात सगळ्यात जास्त पाणी असतं आणि तेच सगळ्यात गढूळ पण असतं, पावसात वाडीतली घाण वाहून आत गेलेली असते. आम्ही प्यायला नळाचं पाणी उकळून वापरतो, विहिरीचं भांडी-कपडे-आंघोळ आणि वाडीला, तरी वर्षातनं हे एकदा नीट करतो. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची तर अंदाजपंचे मूठभर टाकायची नाही, मोजून टाकायची. साधारण १,००० लिटर पाण्याला चांगल्या ताज्या पावडरचे अडीच ग्रॅम. विहिरीत पाणी किती ते काढायला विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजा, मग व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ३.१४, आणि त्याला ४ ने भागा. जे येईल तितके हजार लिटर. म्हणजे २ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी असेल तर साडेनऊ हजार लिटरच्या जवळपास, म्हणजे २४ ग्रॅम पावडर झाली, बस्स एवढीच. प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात कालवायची, दहा मिनिटं थांबायचं, चुना खाली बसतो, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडून वरखाली हलवायची. रात्री करा, सकाळपर्यंत पाण्याला हात लावू नका. तळाचा चुना विहिरीत ओतायचा नाही. आणि विहिरीत डासांसाठी गप्पी मासे सोडलेले असतील तर विहिरीत ब्लीचिंग टाकूच नका, मासे मरतील, त्यापेक्षा पाणी टाकीत चढवून टाकीत करा.

डासांचं पण हेच दिवस. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आमच्याकडे शनिवार म्हणजे पिंप घासायचा वार. नुसतं पाणी ओतून टाकून भागत नाही, कडेला अंडी चिकटलेली असतात ती काथ्याने घासून काढावी लागतात. माडाच्या करवंट्या वाडीत उताण्या पडलेल्या असतात त्यात पण पाणी साठतं, त्या आधी गोळा करा, पुढे जळणाला लागणारच आहेत.

आणि एक, विहिरीला पाणी भरपूर आहे म्हणून मोटर सोडून देऊ नका. खाडीकाठच्या विहिरीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, गोडं जास्त उपसलं की खालचं खारं वर चढतं. ऑक्टोबरात उधळपट्टी केली की एप्रिलात विहीर मचूळ. आम्ही झाडांच्या बुंध्याभोवती आळी करून पाला पसरतो आणि संध्याकाळीच पाणी घालतो, निम्म्या पाण्यात भागतं.

आता घरातलं वाळवण. हे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना पण जमेल, गॅलरीत तीन-चार तास ऊन येत असेल तरी पुरे.

गोधड्या, चादरी, गाद्या, उशा यांना दोन्ही बाजूंनी दोन दोन दिवस ऊन. कपाटं रिकामी करून कोरड्या फडक्याने पुसून दिवसभर दारं उघडी. यात सांगण्यासारखं फार काही नाही, फक्त एक, गरम गरम कपडे घडी घालून लगेच कपाटात कोंबू नका, आधी खोलीत निवू द्या. हाच नियम धान्याला आणि तिथे तो फार महत्त्वाचा.

धान्याचे डबे पावसात दमट झालेले असतात. तूरडाळ, मूग, मटकी, वाल, गहू हे सगळं जुन्या सुती साडीवर पातळ पसरून दोन दिवस ऊन द्यायचं, आधी सुपात पाखडून. पोरकिडे झाले असतील तर ते उन्हाने बाहेर पळतात, पसरलेल्या धान्याच्या कडेला सावलीत गोळा होतात, तिथून झाडून घ्यायचे. संध्याकाळी धान्य घरात घेऊन रात्रभर उघडं ठेवायचं आणि सकाळी डब्यात भरायचं. गरम धान्य भरून झाकण लावलं की आत वाफ धरते, झाकणाला आतून पाणी सुटतं आणि तेच पाणी धान्याला बुरशी आणतं. तूरडाळीला किलोला एक चमचा एरंडेल चोळून ठेवायचं. कडुनिंबाचा पाला सावलीत कुरकुरीत होईपर्यंत सुकवून मगच डब्यात, ओलसर पाला घातला तर तोच दमटपणा वाढवतो.

तांदळाला मात्र ऊन दाखवायचं नाही!! माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी हौसेने तीस किलो तांदूळ अंगणात उन्हात पसरला होता. दाणा तडकला, धुताना निम्म्याची कणी झाली, नंतर कितीतरी महिने आम्ही पेज, घावन आणि खिचडीच खाल्ली. तांदूळ घरात पंख्याखाली पसरायचा, पाखडायचा, निवडायचा, भरायचा. पोरकिड्याची एक पिढी महिनाभरात तयार होते म्हणून पुढे दर महिन्याला एकदा डबा उघडून हात घालून बघायचं. पालघरमधल्या वाडा तालुक्याकडचा नवा तांदूळ दिवाळीनंतर यायला लागतो, तो घेतलात तरी लगेच भाताला काढू नका, चिकट होतो. सहा महिने जुना होऊ द्या, तोवर मागचा संपवा.

सुकी मासळी खाणाऱ्यांसाठी. पावसातली मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते पण तेव्हा ऊन नसतं, गोराई-मनोरीकडे वलांडीवर (मासळी सुकवायच्या बांबूंवर) बोंबील दिसायला लागतात ते पाऊस पूर्ण गेल्यावर. आमच्या शेजारच्या मावशींकडून आम्ही बोंबील आणि जवळा घेतो. विकत घेतलेली सुकी मासळी घरी आणल्यावर परत दोन दिवस कडक वाळवायची, बोंबील वाकवला की कटकन मोडला पाहिजे, वाकत असेल तर अजून ओला आहे. मग पत्र्याच्या डब्यात.

आता बियाणं, हे माझं सगळ्यात आवडतं काम. पावसाळी वेल आता संपत आलेले असतात, शिराळी, पडवळ, दुधी, काकडी, आणि भेंडीची झाडं पण. लोक शेवटची फळं पण काढून खातात किंवा वेल उपटून टाकतात, तसं करू नका. सप्टेंबरातच प्रत्येक वेलीवर एक चांगलं फळ बघून त्याला लाल दोरा बांधायचा. शेवटचं किडकं वाकडं उरलेलं नाही हं, चांगलं सरळ निरोगी, ज्या वेलीने भरपूर दिलं त्या वेलीवरचं. घरात सगळ्यांना माहीत पाहिजे की लाल दोरा म्हणजे हात लावायचा नाही. आमच्या धाकटीचं हे काम आहे, रोज शाळेतून आली की दोऱ्याची फळं मोजते.

शिराळं वेलीवरच तपकिरी होऊन सुकू द्यायचं, हलवलं की आत बिया खुळखुळतात, मग टोक मोडून उलटं केलं की बिया बाहेर, आणि आतली जाळी घासायला वापरायची. पडवळ पिकून शेंदरी-लाल होतं, मऊ पडलं की काढायचं, बियांवरचा लाल गर धुऊन टाकायचा. दुधीची साल नखाने दाबली जात नाही इतकी टणक होऊ द्यायची. काकडी पिवळी पिकू द्यायची, बिया गरासकट वाटीत थोड्या पाण्यात दोन दिवस ठेवायच्या, आंबून बुळबुळीत सुटतं, मग चोळून धुवायच्या, तळाला बसतात त्या चांगल्या, तरंगतात त्या पोकळ. भेंडीची शेंग झाडावरच वाळून चिरायला लागली की काढायची.

बिया सुकवताना कडक दुपारचं ऊन नको, सकाळचं दहापर्यंतचं, आणि पत्र्यावर किंवा तापलेल्या लादीवर नको, सुपात. चार-पाच दिवस. दुधीची बी दोन बोटांत वाकवली तर वाकू नये, मोडावी. मग चाळलेली कोरडी राख घालून काचेच्या बाटलीत, वर चिठ्ठी, काय आहे आणि कोणत्या वर्षाचं. चिठ्ठी नाही लावली तर जूनमध्ये दुधी कुठला आणि भोपळा कुठला कळत नाही. पाकिटातलं हायब्रिड बी असेल तर त्याचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या वर्षी तसंच फळ येईल असं नसतं, देशी वाण असेल तरच ही मेहनत करा.

दसऱ्याच्या तोरणातले झेंडू पण सुकले की फेकू नका. पाकळी ओढली की खाली काळी बारीक सुईसारखी बी येते. बाजारातले झेंडू बरेचसे हायब्रिड असतात त्यामुळे फुलं लहानमोठी होतात पण तोरणाला काय फरक पडतो. जुलैत पेरलं की पुढच्या दसऱ्याला आपलंच तोरण. वांगी आणि टोमॅटोच्या वाफ्याच्या कडेला लावतो आम्ही.

पेरणीला सगळ्यांची एकच चूक होते, पाऊस गेला म्हणून सगळं एकाच दिवशी पेरतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात मेथी, मुळा, माठ हे चालतं. कोथिंबीर आणि पालकाला गारवा लागतो, ते दिवाळीच्या आसपास पेरायचं, आधी पेरलंत तर उगवण कमी आणि कोथिंबीर चार पानं करून फुलावर जाते. वांगी-टोमॅटो-मिरचीची रोपं सप्टेंबरात टोपलीत केलेली असली तर महिन्याने वितीएवढी होतात, ती आता संध्याकाळी लावायची आणि पहिले चार दिवस वर झावळीची सावली. सप्टेंबरात रोपं केली नसतील तर वाईट वाटून घेऊ नका, आता करा, नोव्हेंबरात लावा, जानेवारीत खाल. बी पेरायच्या आधी तपासा. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून चार-पाच दिवस ठेवायच्या, सात उगवल्या तर चांगलं, चारच उगवल्या तर दुप्पट दाट पेरायचं, एखादीच उगवली तर टाकून द्या. दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून आणलेलं कोथिंबिरीचं बी मी न तपासता दोन वाफे पेरलं आणि पंधरा दिवस रिकाम्या मातीला पाणी घालत बसले. तेव्हापासून तर मी वाण्याकडचे साधे धणेच घेते, लाटणं फिरवून अर्धे करते (एका धण्यात दोन बिया असतात), रात्रभर भिजवते, आणि ते आठ-दहा दिवसांत छान वर येतात.

वाडी नसलेल्यांसाठी समुद्रमेथी. मुंबईच्या बाजारात ती बारकी मेथी मिळते ना, मुळासकट छोट्या जुड्या, दोन पानांची, खाली थोडी वाळू लागलेली, ती किनाऱ्याजवळच्या वाळूत करतात म्हणून समुद्रमेथी. ही कुणीही खिडकीत करू शकतं. आम्ही मासळीवाल्यांकडचा थर्माकोलचा जुना खोका आणतो, साबणाने स्वच्छ धुऊन तळाला आठ-दहा भोकं, त्यात चार बोटं उंच रेताड माती. किनाऱ्यावरची वाळू आणायची नाही, ती खारट पण असते आणि उचलायची पण नसते, साधी माती आणि चाळलेली बांधकामाची धुतलेली रेती अर्धी अर्धी चालेल. मसाल्याच्या डब्यातली मेथी दोन मुठी रात्रभर भिजवा, सकाळी पाणी काढून फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी बारीक पांढरे कोंब दिसतील. तेव्हा मातीवर एकाला एक लागून अशी दाट पसरा, वरून पाव इंच माती, हाताने हलकं दाबा, आणि पाणी शिंपडा, ओतू नका, ओतलं तर बिया एका कोपऱ्यात वाहून गोळा होतात. दोन दिवस वर ओलं गोणपाट. तिसऱ्या दिवशी गोणपाट उचललं की माती सगळीकडून फुगून भेगाळलेली दिसते आणि भेगांतून वाकलेल्या हिरव्या माना. मग सकाळ-संध्याकाळ पाणी, सकाळचं कोवळं ऊन पुरतं. दहा-बारा दिवसांत बोटभर उंच होते, तेव्हा मुळासकट उपटायची, पाण्यात हलवून वाळू झाडायची, मुळं कापायची. जास्त दिवस ठेवली की कडू होते. आठ आठ दिवसांच्या अंतराने तीन खोके केलेत तर आठवड्याला एकदा घरची मेथी होते चार माणसांना. लसूण, सुकी मिरची, मेथी आणि वरून ओलं खोबरं, तीन-चार मिनिटांत गॅस बंद. किंवा त्यात भिजवलेली मूगडाळ.

आता खोबरं. पाच माडांना वर्षाला तीनशेच्या आसपास नारळ होतात, खाऊन आणि पाहुण्यांना देऊन जे उरतात त्यातले चांगले पिकलेले, करकरीत वाजणारे चाळीस नारळ मी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तेलासाठी काढते. शहाळं चालत नाही, अर्धकच्चं चालत नाही, बारा महिने पिकलेलाच पाहिजे, कोवळ्या खोबऱ्याला तेल नसतं आणि ते रबरासारखं आक्रसतं. सकाळी आठच्या आत सगळे फोडायचे म्हणजे पहिल्याच दिवशी पूर्ण ऊन मिळतं, पहिला दिवस महत्त्वाचा, त्या दिवशी पाऊस आला किंवा ढग आले की खोबरं चिकट होऊन बुरशी धरतं. वाट्या पाणी निथळून उताण्या मांडायच्या, संध्याकाळी घरात. दोन-तीन दिवसांत खोबरं करवंटीपासून सुटायला लागतं, मग सुरीने उचकून काढायचं आणि नुसतं खोबरं पुढे पाच-सहा दिवस. करवंट्या बाजूला. रोज संध्याकाळी एक तुकडा मोडून बघायचा, मधोमध पांढरट ओला पट्टा दिसतोय तोपर्यंत झालं नाही. झालं की कडकन मोडतो आणि बोटाला तेल लागतं.

बुरशी लागलेले तुकडे, काळे किंवा पिवळट-हिरवे, सरळ फेकायचे, पुसून वापरायचे नाहीत, त्या बुरशीचं विष तेलात उतरू शकतं. कोंबड्यांना पण घालायचे नाहीत. चाळीस नारळांचं सुकं खोबरं आमचं पाच-साडेपाच किलो भरतं, तुकडे करून घाण्यावर न्यायचं, त्यातून तीन लिटरच्या वर तेल येतं. घाणेवाला पेंड ठेवून घेऊ का विचारतो, त्याला नाही म्हणायचं, पेंड आपली आपण आणायची, कोंबड्यांना थोडी थोडी जाते. तेल दोन दिवस स्थिर ठेवून वरचं निवळ बाटल्यांत आणि तळाचा गाळ पणत्यांना. बाटली पूर्ण कोरडी पाहिजे, एक थेंब पाणी राहिलं तरी तेल खवट होतं.

माडाचं बाकी काहीच वाया जात नाही. एक माड महिन्याला साधारण एक झावळी टाकतो, म्हणजे आमच्याकडे वर्षाला साठेक झावळ्या. दुपारी सावलीत बसून सासूबाई हीर काढतात, तीन-चार झावळ्यांत एक दणकट खराटा. सोडणं (नारळाची वरची सालं) आणि करवंट्या याच उन्हात वाळवून पडवीत रचून ठेवल्या की बंबाला पुढच्या पावसापर्यंत पुरतात, बंब बाहेर मोकळ्यावर ठेवतो, धूर घरात नको. बारीक सोडणं झाडांच्या आळ्यात घालतो, ओल धरून ठेवतात.

कोंबड्या या दिवसांत अंडी कमी करतात आणि पिसं पण गाळतात, ते बघून लोक घाबरतात किंवा म्हातारी झाली म्हणून सुरी फिरवतात. दिवस लहान होत जातो हे कारण असतं, भरपूर अंडी द्यायला कोंबडीला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो आणि आपल्याकडे ऑक्टोबरात दिवस बारा तासांपेक्षा खाली येतो. शिवाय नवी पिसं यायला ताकद लागते. या महिन्यात दाण्यात जवळ्याचा चुरा मिसळायचा, आणि कालवांच्या शिंपल्या भाजून कुटून एका वाटीत वेगळ्या ठेवायच्या, त्या लागतील तेवढ्या खातात, अंड्याचं कवच टणक होतं. खुराडं रिकामं करून दोन दिवस ऊन, मग चुना मारायचा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस राहिली असेल तर सरकारी जनावरांच्या दवाखान्यात विचारून आता द्या, थंडीच्या आधी. खुराड्यातली विष्ठा ताजी झाडाला घालू नका, झाड जळतं, पाल्यात मिसळून तीन महिने कुजू द्या.

दिवाळीचा खर्च आमचा कमी होतो तो यामुळेच. अभ्यंगाला घरचं तेल, चिवड्यातले खोबऱ्याचे काप घरचे, पणत्यांना गाळाचं तेल, आणि नरक चतुर्दशीला पायाखाली फोडायचं कारीट कुंपणावरच्या वेलीला लागतं. ते कारीट पण पावसाळ्यात उपटून टाकू नका, लोक जंगली वेल म्हणून काढून टाकतात आणि मग दिवाळीत बाजारात विकत घेतात.

दिवाळीनंतर दोन कामं उरतात. कोथिंबीर-पालकाचे वाफे, आणि वालाचं टोकण. वालाला पावसाची उरलेली ओल आणि सकाळचं दव यावर बरंच भागतं, एका जागी दोन दोन दाणे, मध्ये वीतभर अंतर, आणि उगवून चार पानं होईपर्यंत साळुंक्या आणि कोंबड्यांपासून राखावं लागतं. आम्ही वरून बोरीच्या काटेरी फांद्या घालतो. फांद्या काढायच्या त्या वेल चढायला लागला की, आणि काढताना पायात चप्पल पाहिजे, काटे महिनाभर मातीत सापडत राहतात.